पोरींचं कसलं मंडळ?

सत्काराची काय गरज, काम महत्त्वाचं, असं म्हणणारी माणसं मला नेहमी भेटतात, आणि एकजात सगळ्यांच्या घरी सत्काराच्या शाली ठेवायला कपाट पुरत नसतं. ज्यांना कधी कोणी व्यासपीठावर बोलावलंच नाही, त्यांच्या तोंडून हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. त्यामुळे 'कार्यकर्त्याला प्रसिद्धीची हाव नसावी' हे सुरू झालं की माझं डोकं फिरतं. हाव कसली हो? काही जणींच्या बाबतीत तो सत्कार म्हणजे चक्क घराबाहेर पडण्याचा परवाना असतो. ते कसं, ते सांगते.

मी नाशिकची. पंचवटीत राहते, एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसते आणि रविवारी एका संस्थेचं काम करते. ही संस्था गावोगाव तरुणांचे गट सुरू करते. गट म्हणजे फार मोठं काही नाही. आठवड्यातून एकदा जमायचं, वाचायचं, खेळायचं, वाद घालायचा, गावातली एखादी अडचण हातात घ्यायची. नाशिकहून आम्ही जातो, सुरुवातीला त्यांच्यात बसतो, पण पुढे गावातल्याच कोणीतरी ते अंगावर घ्यावं लागतं. तसं माणूस मिळालं तर गट उभा राहतो, नाहीतर आमचा एसटीचा प्रवास तेवढा होतो. अशी माणसं मोलाची म्हणून संस्था वर्षातून एकदा त्यांचा सत्कार करते. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो.

माझं सासर घाटावरचं. सासऱ्यांचा जन्म रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करण्यात गेला. मी नवीन होते तेव्हा एकदा ते मला म्हणाले होते, संकल्प सांगताना यजमानाचं नाव, गोत्र, गाव स्वच्छ उच्चारावं लागतं, नाहीतर पुण्य भलत्याच्याच पदरात पडतं. पुण्याचं काय ते मला ठाऊक नाही. पण कोणाच्या कामाला कोणाचं नाव लागतं, या बाबतीत मी तेव्हापासून फार कडक आहे. कार्यालयात यावरून माझी बरीच भांडणं झालेली आहेत आणि त्यातलं एकही मी मागे घेतलेलं नाही.

तर देवळ्याकडच्या एका गावात आम्ही तरुणांचा गट सुरू करायला गेलो होतो. सगळी मुलंच होती. मागे भिंतीला टेकून एक मुलगी उभी होती. बी.ए. होऊन घरी बसलेली, बापाची कांद्याची शेती, घरचं बरं. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, आमचं वेगळं मंडळ काढायचंय."

मी म्हटलं, "काढू की. मुलींचा गट काढू."

"गट नको, मंडळ. गट म्हटलं का लोक बचत गट समजतात. आम्हाला मंडळ पाहिजे. पोरांचं असतं तसं."

मी हसले, पण एसटीत बसल्यावर विचार करत राहिले. खरंच होतं तिचं. पोरांची मंडळं गल्लोगल्ली. त्यांचे फलक, त्यांचे एकसारखे टी-शर्ट, त्यांचा गणपती, वाढदिवसाला चौकात फ्लेक्स. लग्न झालेल्या बायकांना महिला मंडळ. पण दहावीपासून अक्षतांपर्यंतच्या पोरींना आपल्या मराठीत मंडळच नाही. मित्रमंडळात त्या बसत नाहीत आणि महिला मंडळात त्यांना कोणी बसू देत नाही. मधली सगळी वर्षं त्यांनी घरातच थांबायचं असतं, कशाची तरी वाट बघत.

तिच्या वडिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवून, चहा देऊन, अगदी अदबीने सुनावलं. "ताई, पोरींचं कसलं मंडळ? मंडळ म्हनजे वर्गणी, डीजे अन् इसर्जनाला राडा. हे काय पोरींचं काम हाय का? आमाला नाय जमायचं."

मुलीने ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी मंडळ सुरू केलं. तेही वडिलांच्याच कांदाचाळीत. थंडीच्या दिवसांत चाळ रिकामी असते. खाली कांद्याच्या वाळक्या टरफलांचा थर, दोन्ही बाजूंच्या लाकडी पट्ट्यांतून वारा आत येतो, आणि तासभर बसलं की केसांना वास लागतो तो दोनदा धुतल्याशिवाय जात नाही. तिथे तिने पोरी गोळा केल्या. पहिल्या रविवारी चौघीजणी आल्या आणि त्यांतली एक रडत परत गेली, कारण तिचा भाऊ तिला न्यायला आला. पुढच्या रविवारी भावालाही बसवून घेतलं आणि त्याला चहा करायला लावला.

आईने काही विरोध केला नाही. ती मला चुलीपाशी बसवून फक्त एवढंच म्हणाली, "मन्ही पोर शहानी शे." माझी पोर शहाणी आहे. आणि तिने चाळीच्या दाराची किल्ली आपल्या कमरेला खोचली, ती नवऱ्याने मागितली तरी सापडायची नाही.

त्या पोरींनी काय केलं म्हणाल तर ओढण्या कमरेला बांधून कबड्डी खेळल्या. मोठ्याने वर्तमानपत्र वाचलं. ग्रामसभेत एका ओळीत जाऊन बसल्या आणि बसथांब्यापासून गावापर्यंत दिवे का नाहीत असं विचारलं. दिवे लागले. मग शेजारच्या गावातल्या पोरींनी निरोप पाठवला, आमच्याकडे पण या. ती गेली. तिथलं मंडळ चालायला लागल्यावर आणखी एका गावात गेली. आमच्या संस्थेतलं कोणी सोबत नव्हतं. मावसबहिणीच्या स्कूटीवर मागे बसून जायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची.

मात्र मंडळाच्या अधिकृत उद्घाटनाला आमच्या लोकांनी सरपंचांच्या मुलाला बोलावलं होतं. त्याने चाळीच्या दाराला बांधलेली फीत कापली, 'मुली म्हणजे देशाचं भविष्य' असं काहीतरी बोलला, फोटो काढले आणि गेला. मुलगा वाईट नाही. फीत पुढे धरली, त्याने कापली. हे त्याचं त्या मंडळातलं एकूण काम.

फाल्गुनात मी गेले तेव्हा वडील मला बांधावर भेटले. कांदा काढणी सुरू होती. ते म्हणाले, "ताई, आता बास. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा हाय. अन् हिला बघायला पाव्हणे यायचेत. भावकीतले इचारत्यात, पोरगी रईवारी कुठं जाती? मी काय सांगू? चाळीत बसती म्हनून सांगू?"

मी म्हटलं, "सांगा ना, तीन गावांत मंडळं काढली म्हणून."

"असं कोन म्हनतं? तुमी म्हनता. कुठं छापून आलंय? कुनी चारचौघांत बोलावून सांगितलंय?"

त्यांचं बोलणं मला झोंबलं, कारण त्यात खोट नव्हती. गावात बापाला उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तराला काहीतरी आधार लागतो. समितीने अजून काही ठरवलेलं नव्हतं, तरी मी सरळ म्हणाले, "पुढच्या महिन्यात नाशिकला कार्यक्रम आहे. तुमच्या मुलीचा सत्कार आहे. तुम्ही या. त्यानंतर बंद करायचं तर करा."

"ष्टेजवर बोलावतील?"

"बोलावतील."

"शाल घालतील?"

"घालतील."

"मंग येतो," ते म्हणाले. "बघू."

मुलगी वाफ्याच्या पलीकडे कांद्याची पात कापत होती. तिने मान वर केली नाही, पण हातातला विळा थांबला होता. तिचं पुढचं सगळं आता त्या एका शालीवर आलं होतं, हे तिलाही कळलं आणि मलाही.

नाशिकला आल्यावर समितीची बैठक झाली. आमचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. झब्बा कडक इस्त्रीचा, आवाज मऊ. सत्कारमूर्ती ठरवताना या मंडळाच्या नावापुढे त्यांनी सरपंचांच्या मुलाचं नाव सुचवलं. संस्थापक म्हणून. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सर, त्याने फीत कापली. मंडळ त्या मुलीने काढलंय."

"मान्य आहे. पण असं बघा, उद्या तिचं लग्न होईल, ती जाईल. सत्कार टिकणाऱ्या माणसाचा करावा. त्यातून काम टिकतं."

"तिचा सत्कार झाला नाही तर ती उद्याही टिकणार नाही, सर. परवा तर लांबच."

"अहो, तिलाही विसरणार नाही आपण. तिला गुलाबपुष्प देऊ. तरुण मुलीच्या अंगावर आपण पुरुषांनी शाल घालायची, तेही बरं दिसत नाही."

"गुलाबपुष्प देवळ्यापर्यंत पोचताना देठ उरतो," मी म्हणाले. "आणि शाल मी घालते. मी पुरुष नाही."

सगळे हसले. मला वाटलं होतं हसले म्हणजे मानलं. पण आपल्याकडे बाईच्या बोलण्यावर हसणं ही ते बाजूला ठेवायची पद्धत आहे, हे इतक्या वर्षांनी तरी मला कळायला हवं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी गंगापूर रोडवरच्या त्या सभागृहाच्या दारात फ्लेक्स लागला होता. त्यावर गॉगल लावलेल्या सरपंचपुत्राचा फोटो, खाली 'संस्थापक'. म्हणजे पोरींच्या मंडळाचा संस्थापक एक मिशीवाला. मुलीचं नाव सगळ्यात खाली, 'विशेष सहकार्य' या सदरात, मंडपवाला आणि ध्वनिक्षेपकवाला यांच्या मधोमध.

वडील फ्लेक्ससमोर उभे होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. ते ओळ न् ओळ वाचत होते. मुलगी बाजूला उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. मला बघून वडिलांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

समिती एक गोष्ट विसरली होती. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

त्या दिवशी मला कसलीही भीती वाटली नाही, हे मी खरं सांगते. उलट फार दिवसांनी हात मोकळे झाल्यासारखं वाटलं. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, प्रास्ताविक लांबलं. सत्कार सुरू झाले. सरपंचांच्या मुलाचा क्रम आला तेव्हा समोरच्या कागदावर 'संस्थापक' लिहिलेलं होतं. मी माईकवर म्हणाले, "ज्यांनी उद्घाटनाची फीत कापली, ते आता व्यासपीठावर येत आहेत." लोकांना गंमत वाटली. तोही हसत आला, शाल घेतली, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे लगेच काढून घडी घालून हातावर टाकली आणि फोटोला उभा राहिला.

मग मी कागद उलटा ठेवला. घाटावर संकल्प सांगतात तसं सगळं स्वच्छ उच्चारलं. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका. म्हणाले, "मंडळाची संस्थापक ही आहे. मंडळ ज्या चाळीत भरतं ती चाळ हिच्या घरची आहे. बाजूच्या दोन गावांतली मंडळंही हिनेच काढली आहेत. तिने वर यावं आणि सन्मान स्वीकारावा."

सभागृहात टाळ्या आधी कमी वाजल्या, मग वाढल्या. मुलगी वर आली. अध्यक्षांचा चेहरा तांबडा झाला होता, पण माणूस सभा सांभाळणारा. त्यांनी कार्यकर्त्याला खूण करून शाल मागवली आणि माझ्या हातातला माईक मृदूपणे काढून घेतला. म्हणाले, "अशी मुलगी घडवणारे वडील आपल्यात उपस्थित आहेत. तिच्या वतीने तिच्या वडिलांनीच हा सत्कार स्वीकारावा, असं मला वाटतं."

माझ्या अंगाची आग झाली. काम पोरीचं, वतीने बाप. उद्या बाप नसता तर भावाला बोलावलं असतं, भाऊ नसता तर सरपंचांच्या मुलाला पुन्हा बोलावलं असतं. पण माईक आता माझ्याकडे नव्हता.

वडील वर आले. अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, मुलीच्या हातात गुलाब दिला. फोटोवाला पुढे सरसावला. आणि वडील म्हणाले, "थांबा."

अध्यक्षांना वाटलं, दोन शब्द बोलायचे असतील. त्यांनी कौतुकाने माईक पुढे धरला. वडिलांना माईकची सवय नव्हती. ते फार जवळ तोंड नेऊन बोलले, त्यामुळे शब्द सभागृहभर घुमले.

"मी तर नाय म्हनत व्हतो. माझ्याच चाळीत बसू नको म्हनलो. तिनं ऐकलं नाय, म्हनून मंडळ झालं. ऐकलं असतं तर काय झालं असतं? माझा कसला सत्कार करता?"

त्यांनी शाल काढली, टेबलावर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरून आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

अध्यक्ष माईक धरून तसेच उभे. मी पुढे झाले, म्हटलं मी तिच्या खांद्यावर घालते. पण मुलीने माझी वाट बघितली नाही. तिने गुलाब टेबलावर ठेवला, नारळ उचलून काखेत घेतला, शाल उलगडली आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या खांद्यांवर घेतली. नीट घेतली, दोन्ही बाजू सारख्या केल्या. मग फोटोवाल्याकडे बघून म्हणाली, "आता काढा."

मी आयुष्यात इतक्या जोरात टाळ्या वाजवलेल्या नाहीत. तळहात लाल झाले. मागच्या रांगांमधल्या मुली उठून उभ्या राहिल्या आणि शिट्ट्या वाजवायला लागल्या. शिट्ट्या! संस्थेच्या कार्यक्रमात! अध्यक्षांनी दोनदा 'शांतता' म्हटलं, पण माईक त्यांनी तोंडापासून लांब धरलेला होता.

सत्काराची शाल लगेच काढून ठेवायची असते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. चैत्राच्या तोंडावरचं ऊन, बिनपंख्याची एसटी, आणि ही शाल पांघरून खिडकीत. मी त्यांना बसवायला ठक्कर बाजारच्या बसस्टँडवर गेले होते. म्हटलं, "अगं, उकडेल." ती म्हणाली, "उकडू दे."

दुसऱ्या आठवड्यात समितीची बैठक झाली. मी शिस्तभंग केला, संस्थेची शोभा केली, असं ठरलं. मला विचारलं, काही म्हणायचंय का. मी म्हटलं, "आहे. पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवर नावं लिहिताना आधी गावात जाऊन विचारून या." तेव्हापासून सूत्रसंचालन एका गोड आवाजाच्या बाईंकडे आहे. मी माफी मागितलेली नाही आणि रविवार सोडलेला नाही. मला काढून टाकता येत नाही, कारण गावातल्या पोरी फोन मलाच करतात.

वैशाखात तिच्या वडिलांचा फोन आला. "ताई, रईवारी पाव्हणे येनार हायेत. तुमी या. मला नीट बोलता येत नाय."

मी गेले. मुलाकडची माणसं सिन्नरकडची होती. मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. मुलगा ओझरला कारखान्यात नोकरीला, मुकाट्याने बसलेला. बोलत होता तो मामा. शेती किती, घर कधी बांधलं, मुलीचं शिक्षण कुठं. पोह्यांच्या बशा समोर आल्या होत्या, पण मामा बोलत होता म्हणून कोणी हात लावला नव्हता. मुलगी दाराशी उभी होती. मग मामा म्हणाला, "ते मंडळ-बिंडळ चाल्लंय म्हणं. फोटो पाह्यला मोबाईलवर. ठीक हाय, हौस म्हनून. पन लग्नानंतर तसलं काय नसंल ना?"

माझ्या जिभेवर उत्तर आलंच होतं. वडिलांनी माझ्याकडे न बघता हाताचा पंजा वर केला. म्हणजे गप्प बसा. मग ते मामाला म्हणाले, आवाज न चढवता, कांद्याचा भाव सांगावा तसं.

"आसंल. तुमच्या गावात पोरींचं मंडळ नसंल तर ही जाऊन काढील. चालत आसंल तर पोहे घ्या. नसंल चालत तरी घ्या, लांबून आलात."

मामाने मुलाकडे पाहिलं, मुलाने आईकडे पाहिलं. आई आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर दातांत धरून बसली होती. तिने पदर सोडला, सगळ्यांच्या आधी आपली बशी उचलली आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलीला विचारलं,

"लगीन झालेल्या बाया चालत्यात का गं तुज्या मंडळात?"